जवसाची चटणी, शैवालाचं तेल आणि मेंदू

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर अनेक वर्षं संशोधन चालू आहे. एनएल-97, पीकेव्ही एनएल-260 हे वाण इथलेच. पूर्व विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे, धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात जवस फेकून पेरतात. बांधीत उरलेल्या ओलीवर तो वाढतो आणि थंडीत निळ्या फुलांनी बांध्या भरून जातात. हा जवस कढईत तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटायचा आणि ज्वारीच्या भाकरीसोबत वरून कच्चं तेल घेऊन खायचा, ही विदर्भातल्या घराघरातली गोष्ट.

आता त्याच नागपुरात औषधांच्या दुकानांत शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळू लागल्या आहेत. डबीवर हिरवा ठिपका आणि ‘शाकाहारी ओमेगा-3’ अशी अक्षरं. गरोदर सुनेसाठी, दहावीतल्या नातवासाठी, नावं विसरू लागलेल्या आजोबांसाठी लोक त्या विकत नेतात. गंमत म्हणजे जवसाच्या पाकिटावरही ‘ओमेगा-3’ असंच छापलेलं असतं. मग घरात चटणीची बरणी असताना कॅप्सूल कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न असा, की या तेलाने मेंदू आणि वागणं खरंच सुधारतं का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज बऱ्यापैकी स्पष्टपणे देता येतात, आणि ती डबीवरच्या मजकुराशी पुरती जुळत नाहीत.

ओमेगा-3 हे एका पदार्थाचं नाव नाही, एका घराण्याचं आहे. त्यातले तिघे आपल्या कामाचे. जवसात असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल, थोडक्यात एएलए. त्याच्या साखळीत कार्बनचे 18 अणू आणि 3 दुहेरी बंध असतात. दुसरं ईपीए, 20 कार्बन आणि 5 दुहेरी बंध. तिसरं डीएचए, 22 कार्बन आणि 6 दुहेरी बंध. दुहेरी बंध आला की साखळी वाकते, आणि वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसू शकत नाहीत. डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की तूप थिजतं, पण जवसाचं तेल बाटलीत पातळच राहतं, ते यामुळेच. मेंदूच्या पेशींच्या आवरणालाही असाच लवचीकपणा लागतो. त्या आवरणात बसलेल्या प्रथिनांना क्षणाक्षणाला आकार बदलावा लागतो, संदेशाच्या थैल्या फोडाव्या आणि पुन्हा बांधाव्या लागतात. हे काम सहा बंधांच्या डीएचएइतकं दुसरं कुठलंच आम्ल करू शकत नाही. म्हणून मेंदूच्या करड्या भागात आणि डोळ्याच्या पडद्यात निसर्गाने ते ठासून भरलं आहे. एएलए मात्र मेंदूत जवळजवळ साठतच नाही.

जवसातल्या एएलएपासून शरीर डीएचए बनवू शकतं, पण फार थोडं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात ग्रॅहॅम बर्ज आणि स्टीव्हन वूटन यांनी 2002 मध्ये खुणेचे कार्बन घातलेलं एएलए लोकांना खाऊ घालून त्याचा माग काढला. तरुण पुरुषांमध्ये डीएचए बनल्याचं मोजण्याइतकंही सापडलं नाही. तरुण स्त्रियांमध्ये सुमारे 9 टक्क्यांपर्यंत रूपांतर दिसलं, बहुधा इस्ट्रोजेनमुळे. इतर बहुतेक अभ्यासांत हा आकडा एक टक्क्याच्या आत आहे. ज्या विकराच्या हातून हे काम सुरू होतं, तोच विकर ओमेगा-6 घराण्यातल्या लिनोलेइक आम्लावरही काम करतो. सोयाबीनच्या तेलात हे लिनोलेइक आम्ल निम्म्याहून अधिक असतं आणि सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलातही त्याचाच भरणा. 1980 नंतर विदर्भाच्या शेतात सोयाबीन पसरलं, पाठोपाठ ते फोडणीतही आलं, आणि जवसाचं तेल मागे पडलं. त्यामुळे आजच्या नागपुरी स्वयंपाकघरात एएलए कमी आणि त्याचा स्पर्धक भरपूर, अशी स्थिती आहे.

जवस मागे पडण्याला आणखी एक कारण आहे. जे दुहेरी बंध तेल पातळ ठेवतात, तेच हवेतल्या ऑक्सिजनला पटकन धरतात. म्हणून जवसाचं तेल लवकर खवट होतं आणि पातळ थर दिला तर वाळून कडक होतं. रंग आणि व्हार्निश बनवणाऱ्यांना ते हवं असतं, स्वयंपाक करणाऱ्यांना नको. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर टीएल-99 नावाचा वाण काढला, त्यात एएलए मुद्दाम पाच टक्क्यांच्या खाली आणलं, म्हणजे तेल टिकेल आणि तळणाला चालेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वाण कामाचा आहे. पण त्याच्या पाकिटावर कुणी ‘ओमेगा-3’ लिहिलं तर ती सरळ फसवणूक होईल.

मग डीएचए येतं कुठून? लोक म्हणतात माशांतून. पण समुद्रातले मासे ते स्वतः फारसं तयार करत नाहीत. ते तयार करतं सूक्ष्म शैवाल. शैवाल खातात प्लवक, प्लवक खातात लहान मासे, त्यांना खातात मोठे मासे, आणि बांगड्याच्या तुकडीतून ते कोकणातल्या माणसापर्यंत पोचतं. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या नागपुरात, त्यातही शाकाहारी घरात, ही साखळी पोचतच नाही. शैवालाचं तेल म्हणजे या साखळीतले मधले सगळे टप्पे गाळून थेट मुळाशी जाणं. कल्पना म्हणून ती मला फार पटते. मासा मारावा लागत नाही, समुद्रातला पारा अंगात येत नाही, आणि मिळणारं डीएचए माशातल्या डीएचएइतकंच अस्सल असतं.

ते बनतं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. शैवाल म्हटलं की उन्हात हिरवंगार तळं डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही नाही. क्रिप्थेकोडिनियम कोनी या समुद्री शैवालात हरितद्रव्यच नसतं. त्याला पोलादी टाक्यांत, अंधारात, साखर खाऊ घालून वाढवतात, आणि ते पोटात तेल साठवतं. ही विद्या आली अवकाशसंशोधनातून. लांबच्या अवकाशप्रवासात अन्न आणि प्राणवायू शैवालापासून मिळतील का, या नासाच्या प्रश्नावर अमेरिकेतल्या मार्टिन मरिएटा कंपनीत काम चाललं होतं. त्यातल्या काही संशोधकांनी 1985 मध्ये मार्टेक ही कंपनी काढली. 2001 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तेलाला बाळांच्या दुधाच्या भुकटीत वापरायला हरकत नसल्याचं कळवलं, आणि पुढच्या वर्षी ती भुकटी दुकानांत आली. दुसरा उत्पादक जीव स्किझोकायट्रियम. काटेकोर बोलायचं तर तो शैवाल नाही, शैवालाचा दूरचा नातलग आहे, आणि खारफुटीच्या कुजत्या पानांवर राहतो. त्याच्या कुळाचा जगभर वाखाणला गेलेला अभ्यास गोव्यात, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शेषगिरी रघुकुमार यांनी केला. मांडवी-झुआरीच्या खारफुटीची कुजकी पानं आणि नागपुरातल्या दुकानातली कॅप्सूल यांचं नातं इतकं जवळचं आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो विदर्भात हमखास भेटतो. लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना भरपूर वाढते. स्पिरुलिनाच्या गोळ्याही दुकानात ‘शैवाल’ म्हणूनच विकल्या जातात. पण स्पिरुलिनात डीएचए जवळजवळ नसतं. तिच्यात असतं गॅमा-लिनोलेनिक आम्ल, आणि ते ओमेगा-6 घराण्यातलं. प्रथिनांसाठी कुणी ती घेत असेल तर घ्यावी. मेंदूच्या डीएचएसाठी तिचा उपयोग नाही.

तेल पोटात गेलं म्हणजे मेंदूत गेलं असं होत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, आणि डीएचए त्यातून आत जातं कसं हे बराच काळ कोडं होतं. ते 2014 मध्ये सिंगापूरच्या डेव्हिड सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेने सोडवलं. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीत एमएफएसडी2ए नावाचं एक प्रथिन असतं. रक्तात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाच्या स्निग्ध रेणूला जोडलेलं डीएचए ते नेमकं ओळखतं आणि आत सोडतं. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांच्या मेंदूतलं डीएचए खूपच घटलं. त्यांचा मेंदू लहान राहिला, शिकण्यात ते मागे पडले आणि कमालीचे भित्रे झाले. पुढच्याच वर्षी हे प्रथिन बिघडलेल्या माणसांची कुटुंबंही सापडली, आणि त्यांच्या मुलांचा मेंदू लहान होता. डीएचएचा मेंदूशी आणि वागण्याशी संबंध आहे का, या प्रश्नाला याहून थेट उत्तर मिळणं कठीण. संबंध आहेच, आणि तो खोलवरचा आहे.

पण हे उत्तर ऐकून कॅप्सूलकडे धाव घेण्याआधी एक हिशेब करायला हवा. अमेरिकेत जॉन उम्हाऊ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये निरोगी प्रौढांच्या मेंदूचं चित्रण करून मोजलं, की मेंदू रोज किती डीएचए रक्तातून घेतो. आकडा आला सुमारे 4 मिलिग्रॅम. मिलिग्रॅम, ग्रॅम नव्हे. मेंदूत एकदा बसलेलं डीएचए तिथे वर्षानुवर्षं टिकतं; त्यातलं निम्मं बदलायला अडीच वर्षं लागतात. आता चटणीचा हिशेब. दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम जवसात सुमारे दोन ग्रॅम एएलए असतं. त्यातलं अर्धा टक्का जरी डीएचए झालं तरी दहा मिलिग्रॅम होतात. शरीराच्या इतर पेशींनाही डीएचए लागतं, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. तरी त्यातून इतकं कळतं, की धडधाकट प्रौढ माणसाच्या मेंदूची रोजची झीज भरून काढणं चटणीच्या आवाक्यात असावं.

मेंदू बांधला जात असतो तेव्हा मात्र हा हिशेब कोलमडतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ आईकडून रोज साधारण 40 ते 60 मिलिग्रॅम डीएचए घेतो. जन्मानंतर पहिली दोन वर्षं ही ओढ चालूच राहते, आईच्या दुधातून. म्हणूनच जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी रोज किमान 200 मिलिग्रॅम डीएचए सुचवलं. नागपुरातल्या शाकाहारी बाईला ते रोजच्या जेवणातून मिळणं जवळजवळ अशक्य आहे.

मग तिला शैवालाचं डीएचए दिलं तर बाळ हुशार होतं का? याचा आपल्या माणसांवर झालेला सर्वांत नेटका प्रयोग बेळगावात झाला. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या श्वेता खंडेलवाल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या साथीने 957 गरोदर स्त्रियांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला रोज 400 मिलिग्रॅम शैवालाचं डीएचए, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण डीएचए नसलेल्या कॅप्सूल, विसाव्या आठवड्याच्या आत सुरू करून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. वर्षभराची झाल्यावर बाळांची वाढ भारतीय मुलांसाठी बनवलेल्या मोजपट्टीवर तपासली. निकाल 2020 मध्ये छापला गेला: दोन्ही गटांत फरक नाही. जन्माच्या वेळच्या वजनातही फरक आढळला नाही.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण बेळगावच्या बायकांच्या आहारात डीएचए कमीच होतं. फरक दिसायचा असता तर अशाच ठिकाणी दिसला असता. माझा अंदाज असा, की आईचं शरीर बाळासाठी स्वतःच्या साठ्यातून काढून देतं, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्याने एएलएचं रूपांतरही वाढतं, आणि मेंदूची बांधणी एका आम्लावर अवलंबून ठेवण्याइतका निसर्ग बेफिकीर नाही. शिवाय वर्षभराच्या बाळाची चाचणी ढोबळच असते. ठोकळे रचणं आणि दोन शब्द बोलणं यांतून पुढची बुद्धी नीट कळत नाही.

फायदा दिसला तो दुसरीकडे. कोक्रेन संस्थेने 2018 मध्ये 70 प्रयोग एकत्र तपासले. ओमेगा-3 घेणाऱ्या आयांमध्ये अकाली बाळंतपण 11 टक्क्यांनी, आणि 34 आठवड्यांच्या आधीचं, जास्त धोक्याचं बाळंतपण 42 टक्क्यांनी कमी होतं. अकाली जन्म हाच बाळाच्या मेंदूला बसणारा मोठा फटका असतो, त्यामुळे मेंदूच्या दृष्टीनेही हा फायदा लहान नाही. जी बाळं 29 आठवड्यांच्याही आधी जन्मतात, त्यांचा गर्भातला शेवटचा आणि मोठा डीएचएचा हप्ता चुकलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगात अशा बाळांना नळीतून डीएचए दिलं, माशाच्या तेलातलं. पाच वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक न दिलेल्यांपेक्षा सरासरी साडेतीन गुणांनी जास्त निघाला. 2022 मधला हा निकाल. पण त्याच बाळांत फुप्फुसाचा एक दीर्घ विकार किंचित वाढलेलाही दिसला होता. म्हणून हे काम नवजात विभागातल्या डॉक्टरांचं, घरच्या घरी करायचं नाही.

आता दहावीतला नातू. ऑक्सफर्डमध्ये 2012 मध्ये सात ते नऊ वर्षांच्या 362 मुलांना रोज 600 मिलिग्रॅम शैवालाचं डीएचए किंवा तशीच खोटी कॅप्सूल सोळा आठवडे दिली. सगळ्या मुलांचा मिळून वाचनात फरक पडला नाही. फक्त वाचनात अगदी मागे असलेल्या मुलांचं वाचन थोडं सुधारलं. आईवडील म्हणाले, मूल शांत झालं. शाळेतल्या शिक्षकांना तसं काही जाणवलं नाही. याच गटाने पुन्हा 376 मुलांवर तोच प्रयोग केला, आणि 2018 मध्ये छापलेल्या निकालात पहिला फायदाही उरला नाही. माझ्या मते इथे थांबून विचार करायला हवा. पहिलाच प्रयोग जगभरच्या जाहिरातींत पोचला. दुसरा फारसा कुणाला माहीत नाही, आणि तो त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे छापला आहे.

अतिचंचल मुलांवरचा एक प्रयोग आपल्या पुण्यातही झाला, आणि तोही जवसाच्या तेलाचा. कल्पना जोशी, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तीस मुलांना तीन महिने जवसाचं तेल आणि क जीवनसत्त्व दिलं. मुलांच्या रक्तात ईपीए-डीएचए वाढलं, चंचलतेचे गुण कमी झाले. जवसाच्या बाजूने बोलणारा हा अभ्यास मला मनापासून आवडतो. पण त्यात खोट्या औषधाचा गट नव्हता, आणि ऑक्सफर्डच्या आईवडिलांना काय दिसलं ते आपण पाहिलंच. आपण मुलाला काही चांगलं देतो आहोत ही भावनाच घरातलं वातावरण बदलते, मुलाकडे पाहण्याची नजर बदलते. त्यामुळे हा प्रयोग मोठ्या संख्येवर, नीट गट पाडून व्हायला हवा. नागपुरात जवसाचे वाण आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि ही चटणी पिढ्यानपिढ्या खाणारी माणसं आहेत. इथे तो व्हावा असं मनापासून वाटतं.

आजोबांबद्दल थोडक्यात. पंचावन्नच्या पुढच्या, किरकोळ विस्मरण असलेल्या 485 लोकांवरच्या प्रयोगात ज्यांना रोज 900 मिलिग्रॅम शैवालाचं डीएचए सहा महिने दिलं, त्यांच्या जोड्या लक्षात ठेवण्याच्या चाचणीतल्या चुका कमी झाल्या. हा अभ्यास मार्टेकनेच केलेला, हे ध्यानात ठेवावं. पण ज्यांना अल्झायमर जडला होता अशा 402 जणांवरच्या प्रयोगात दीड वर्ष रोज दोन ग्रॅम देऊनही ऱ्हास थांबला नाही. दोन्ही निकाल 2010 चे. नैराश्यावर जो काही उपयोग दिसतो तो ईपीए जास्त असलेल्या तेलांचा. नुसत्या डीएचएने नैराश्य हटत नाही. आणि निरोगी माणसाने आधीपासून घेतलं तर नैराश्य टळेल का, हे अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षं तपासलं, टळलं नाही. नैराश्याच्या रुग्णाने या भरवशावर स्वतःची औषधं बंद करणं घातक आहे.

शाकाहारी घराला डीएचएइतकीच, किंबहुना जास्त, काळजी बी-12 ची करायला हवी. पुण्याच्या भारती विद्यापीठात साधना जोशी यांच्या गटाने उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं, की आईत बी-12 कमी असताना फॉलिक आम्ल मात्र भरपूर दिलं, तर पिल्लांच्या मेंदूतलं डीएचए घटतं. ओमेगा-3 दिलं तर ते बऱ्याच अंशी सावरतं. आपल्याकडे गरोदर बाईला फॉलिक आम्लाची गोळी ठरलेली असते, बी-12 ची तपासणी मात्र क्वचित होते. शैवालाची कॅप्सूल घ्यायची ठरलं तरी आधी ती तपासणी करून घ्यावी. डबीवर ठळक छापलेला ‘ओमेगा-3’चा आकडा सोडून डीएचए किती मिलिग्रॅम आहे तेवढंच वाचावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. जवस अख्खा गिळला तर तो तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटूनच खावा; कुटल्यावर तो लवकर खवट होतो, म्हणून चटणी आठवड्याला पुरेल इतकीच करावी आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी.